ऑफिसची हिवाळी सहल आणि न सांगितलेले आजार

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्या दवाखान्यात एका वेगळ्या प्रकारचे पेशंट दिसू लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. हातात एक छापील कागद असतो आणि त्यावर माझी सही आणि शिक्का हवा असतो. कंपनीचं टीम आऊटिंग ठरलेलं असतं. पवनेच्या काठावर तंबूत एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी पहाटे किल्ला, किंवा शनिवारी सकाळी सहाला मैदानावर क्रिकेट. "काही नाही डॉक्टर, नुसती फॉर्मॅलिटी आहे," असं म्हणत कागद पुढे सरकवला जातो.

त्या कागदावर बहुधा एक प्रश्न असतो : तुम्हाला काही आजार आहे का? त्यापुढे 'नाही' असं आधीच लिहिलेलं असतं. आणि लिहिणाऱ्याला मी सात-आठ वर्षं मधुमेहाच्या गोळ्या देत असतो.

मी त्यांना दोष देत नाही. हा कागद कोणाकोणाच्या टेबलावरून फिरणार, हे त्यांना ठाऊक नसतं. मार्चमध्ये अप्रेझल असतं. प्रमोशनच्या रांगेत उभा असलेला माणूस स्वतःच्या हातानं 'हृदयविकार' किंवा 'फिट्स' कशाला लिहील? म्हणून हा लेख त्या पेशंटपेक्षा सहल ठरवणाऱ्यांसाठी जास्त आहे. तुम्ही एचआरमध्ये असाल, टीम लीड असाल किंवा "तू उत्साही आहेस, तूच बघ" म्हणून हे काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पाच-दहा मिनिटं काढून वाचा. तुमच्या टीममध्ये पंचवीस-तीस माणसं असतील, तर न सांगितलेले चार-पाच आजार तरी त्या बसमध्ये बसणार आहेत असं धरूनच बेत आखा. कोणाचे, ते तुम्हाला कळायची गरज नाही.

हिवाळ्याशी माझं भांडण नाही. आपल्याकडे बाहेर पडायला हाच ऋतू. पावसाचा निसरडेपणा गेलेला असतो, ऊन सुसह्य असतं, डिसेंबरात सुट्ट्याही उरलेल्या असतात. अडचण ऋतूची नाही, वेळेची आहे. आपले सगळे बेत पहाटेचे आणि मध्यरात्रीचे असतात.

पहाटे सहाची मॅच

थंडीतल्या पहाटे शरीरात काय चाललेलं असतं ते आधी पाहू. बाहेर गार लागलं की त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. आतली ऊब आत राखायची ही शरीराची सोय. पण नळी अरुंद झाली की पंपाला जोर जास्त लावावा लागतो, म्हणून थंडीत बीपी वर सरकतं. मे महिन्यात अगदी ताब्यात असलेल्या माझ्या काही पेशंटचा डोस मला डिसेंबरात वाढवावा लागतो. त्यात पहाटेची भर पडते. जाग येण्याच्या सुमाराला कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन ही संप्रेरकं चढती असतात, नाडी आणि बीपी चढतं, रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना जास्त सहज चिकटतात. हार्ट अटॅकचं प्रमाण सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त असतं, ही गोष्ट वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे.

आता यावर तिसरी गोष्ट ठेवा. वर्षभर खुर्चीत बसलेला पंचेचाळिशीचा मॅनेजर. रात्री एकला झोपलेला, पाचला उठलेला, पोटात फक्त चहा, आणि बीपीची गोळी 'आल्यावर घेऊ' म्हणून घरीच राहिलेली. तो दुसरी धाव चोरायला जीव तोडून पळतो. नियमित व्यायाम करणाऱ्याला अशा अचानक श्रमाचा धोका थोडाच असतो. ज्याला अजिबात सवय नाही, त्याला तो कित्येक पटींनी जास्त असतो. मैदान तेच, धाव तीच.

"पण डॉक्टर, ईसीजी नॉर्मल आला की." हे मला दर हिवाळ्यात ऐकावं लागतं. शांत झोपून काढलेला ईसीजी तुमचं हृदय शांत झोपलेलं असताना कसं आहे तेवढंच सांगतो. रक्तवाहिनीत चरबीचा चाळीस-पन्नास टक्के थर असला तरी तो ईसीजी सरळ येऊ शकतो. तोच थर ताणाखाली फाटला की त्यावर काही मिनिटांत गुठळी धरते. त्या थराला माझी सही वाचता येत नाही.

तेव्हा सर्टिफिकेट गोळा करण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आणि फुकटचं काम म्हणजे सहाची मॅच नऊला ठेवणं. ऊन वर आलेलं असतं, सगळ्यांचा नाश्ता झालेला असतो, गोळ्या पोटात असतात. स्वेटर अंगात ठेवूनच दहा-पंधरा मिनिटं चालणं, मग हलकं धावणं, मग खेळ. त्यानं हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सैल व्हायला वेळ मिळतो, आणि सोमवारी पोटरी किंवा मांडीचा स्नायू धरून लंगडत माझ्याकडे येणारेही कमी होतात. नऊला मैदान मिळत नसेल तर खेळ बदला. माझं स्पष्ट मत आहे की पहाटेच्या स्लॉटचं भाडं कमी म्हणून चाळीस माणसांना गारठ्यात पळवणं ही बचत नव्हे.

छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, दरदरून घाम, नेहमीपेक्षा वेगळा दम, यातलं काहीही खेळताना झालं तर खेळ तिथेच थांबवायचा. "ॲसिडिटी असेल, सोडा पी" हे वाक्य मी इतक्या नातेवाइकांकडून नंतर ऐकलंय की आता ऐकवत नाही. १०८ ला फोन लावायचा, आणि ईसीजी निघेल असं सर्वांत जवळचं हॉस्पिटल कोणतं हे आदल्या दिवशीच शोधून ठेवलेलं असावं. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत पोचेपर्यंत, आळीपाळीनं. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर करून येतं. खरं सांगू? अर्ध्या दिवसाचं सीपीआर प्रशिक्षण हीच मला माहीत असलेली सर्वांत चांगली टीम बिल्डिंग ॲक्टिव्हिटी आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस पडला तर त्याच्यासाठी मी काय करायचं, हे शिकण्यापेक्षा टीम आणखी कशी बांधणार?

ज्यांना कारण सांगता येत नाही

पुढच्या तीन गोष्टींत ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक तिशीची मुलगी आली होती. सातवा आठवडा, आणि त्याआधी एकदा गर्भपात झालेला. तीन महिने पूर्ण होईपर्यंत सासरीसुद्धा सांगायचं नाही असं नवरा-बायकोनं ठरवलेलं. आणि ऑफिसच्या कार्यक्रमात झिपलाइन, रस्सीखेच आणि पोत्यांची शर्यत. "डॉक्टर, कंबरदुखी लिहून द्याल का?" मी खोटं लिहीत नाही, पण खरं कारणही लिहावं लागत नाही. 'साहसी खेळ आणि ओढाताणीचे खेळ टाळावेत' एवढं लिहून दिलं. वैद्यकीय सल्ल्यात आजाराचं नाव असायलाच हवं असं नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. कागदावर निर्बंध पुरेसा आहे. तरीही टीममधल्या दोघांनी "तुला काय झालंय?" म्हणून तिला दिवसभर छळलं, ते वेगळंच.

दुसरा सत्तावीस वर्षांचा तरुण. फिट्स येण्याचा आजार, गोळ्यांवर तीन वर्षं एकही झटका नाही. अपस्माराच्या पेशंटला झोप चुकवणं फार महागात पडू शकतं. पुरेशी झोप न होणं हे झटका येण्याचं एक नेहमीचं निमित्त आहे. हे त्याला माहीत होतं. पण शेकोटीभोवती अंताक्षरी रंगलेली, आणि अकराला उठून जाणाऱ्याला "अरे, म्हातारा झालास का?" म्हणणारे दहा जण. तो बसला. पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यांसमोर त्याला झटका आला. त्यातून तो पंधरा मिनिटांत सावरला, विस्तवापासून लांब होता म्हणून इजाही झाली नाही. कोणीतरी चप्पल हुंगवली, कोणीतरी दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. (दोन्ही करू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर ॲम्ब्युलन्स.) नंतर माझ्याकडे आला तेव्हा झटक्याबद्दल तो फारसं बोललाच नाही. "आता सगळ्यांना माहीत झालं," एवढंच म्हणाला. चार महिन्यांनी त्यानं नोकरी बदलली.

तिसरे पन्नाशीचे, इन्सुलिन घेणारे. बार्बेक्यूची पार्टी होती. जेवण साडेआठला म्हणून त्यांनी आठला इन्सुलिन टोचलं, आणि जेवण वाढलं गेलं पावणेअकराला. मध्ये दोन पेग. एरवी उपाशीपोटी साखर घसरू लागली की यकृत आपल्या साठ्यातून साखर सोडतं, पण दारू पोटात गेली की यकृत तिचा निचरा करण्यात गुंततं आणि हा आधार तुटतो. त्यांचे पाय लटपटू लागले, बोलणं अडखळलं, घाम फुटला, थोडी चिडचिड केली. सगळ्यांनी अर्थातच एकच निष्कर्ष काढला आणि हसत हसत त्यांना तंबूत नेऊन झोपवलं. ते वाचले, कारण दुसऱ्या तंबूतला एक मुलगा, ज्याची आई मधुमेही होती, त्याला घामाचा संशय आला. थंडीत एवढा घाम? त्यानं त्यांना जागं केलं, गिळता येतंय हे पाहिलं आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजली. साखर ७० च्या खाली जाणं म्हणजे हायपो. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्यायची, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता हॉस्पिटल.

या तिघांच्याही सहली त्यांच्या दृष्टीनं एकाच ठिकाणी बिघडल्या होत्या. नाही म्हणायला कारण लागत होतं, आणि ते कारण सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून बेत जाहीर करताना त्यात सगळे आकडे आधीच लिहा. बस किती वाजता निघणार, चढण किती तासांची, वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे, जेवण नक्की किती वाजता, झोपायची सोय कशी, दिवे किती वाजता मालवणार. हे हातात असलं की ज्याचा त्याचा आजार जो तो आपल्या डॉक्टरांशी घरबसल्या जुळवून घेतो. आणि प्रत्येक खेळाला जोड असू द्या. किल्ल्यावर जाणाऱ्यांचा एक गट, पायथ्याशी गावात फिरून स्वयंपाकाला हात लावणाऱ्यांचा दुसरा. या दुसऱ्या गटाला 'बाकीचे' म्हणू नका, आणि एखादा वरिष्ठ साहेब त्या गटात आपणहून गेला तर फार बरं. कोण का कुठे गेलं, हे विचारायचं नाही. जे आलेच नाहीत त्यांनाही नाही. 'ऐच्छिक' म्हणायचं आणि न येणाऱ्याला शनिवारी कामावर बोलवायचं, याला ऐच्छिक म्हणत नाहीत.

मग आणीबाणीत माहिती कशी मिळणार? त्याला साधा उपाय आहे. प्रत्येकानं एका कागदावर आजार, गोळ्या, ॲलर्जी, रक्तगट आणि घरचा फोन लिहायचा, पाकिटात घालून चिकटवायचं, वर फक्त नाव. पाकिटं एका पिशवीत सहलीबरोबर. गरज पडली तरच फोडायचं, नाहीतर परतीच्या बसमध्ये जसंच्या तसं परत. छापील फॉर्मवर 'नाही' लिहिणारे त्या पाकिटात खरं लिहितात.

बंद तंबू, बंद बाथरूम

ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही, कारण ती झोपेतच माणसं नेते. रात्री दोनला गारठा असह्य झाला की कोणीतरी शेकोटीतले निखारे शेगडीत भरून तंबूत नेतं आणि चेन लावून घेतं. कोळसा अर्धवट जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे या वायूला धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर आतून गुदमरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. आदल्या रात्री पार्टी झालेली असेल तर सगळे त्याला हँगओव्हर म्हणतात.

ओळखायची एक खूण लक्षात ठेवा : एकाच तंबूतल्या किंवा खोलीतल्या तिघा-चौघांचं डोकं एकाच वेळी दुखतंय, आणि बाहेर मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतंय. अशा वेळी बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. ते यंत्र ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, आणि मरणाच्या दारातल्या माणसाचाही आकडा ९८ दाखवू शकतं. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि हॉस्पिटलात न्यायचं.

फार्महाउस असेल तर तिथला गॅस गिझर बघा. तो बाथरूमच्या आत असेल आणि खिडकी गारव्यामुळे घट्ट लावलेली असेल, तर हाच वायू तिथेही. त्यात एकामागून एक वीस जणांच्या अंघोळी, म्हणजे गिझर दोन तास सलग चालू. बुकिंग करताना एवढा एकच प्रश्न विचारायची संधी असती, तर मी 'नाश्त्याला काय' हे न विचारता 'गिझर कुठे बसवलाय' हे विचारलं असतं. थंडीला उत्तर म्हणजे जास्त पांघरुणं, कानटोपी, मोजे आणि जमिनीवर जाड सतरंजी. उष्णता खालच्या गार जमिनीत जास्त जाते.

दारूनं ऊब येते हाही भ्रमच. तिनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं आणि त्याच वाटेनं आतली उष्णता बाहेर जाते. शिवाय सुटीतल्या अतिरेकी पिण्यानंतर धडधाकट माणसाच्याही हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याला 'हॉलिडे हार्ट सिंड्रोम' असं नावच दिलं. कंपनीच्या खर्चानं ते आणायची गरज आहे का, हे तुम्ही ठरवा.

पाण्याचंही सांगून टाकतो. थंडीत तहान लागत नाही, पण आकसलेल्या वाहिन्यांमुळे रक्त शरीराच्या मध्याकडे ढकललं जातं, मूत्रपिंडांना ते जादा वाटतं आणि लघवी वाढते. कोरड्या हवेत घामही कळत नाही. आणि बायका तर वाटेत सोय नाही म्हणून सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत, मग सोमवारी लघवीची जळजळ घेऊन येतात. बस दर दोन तासांनी धड स्वच्छतागृह असेल तिथे थांबवा, आणि तसं आधी सांगा.

"मग करायचं तरी काय, डॉक्टर?" असं एका एचआर मॅडमनी वैतागून विचारलं होतं. मी म्हटलं, हुरडा. खरंच. जानेवारीत ज्वारी हिरवी-कोवळी असते. गावाबाहेर एखादं शेत गाठायचं, आगटीत गोवऱ्यांच्या विस्तवावर कणसं भाजायची, हातावर चोळून गरम दाणे काढायचे. गूळभेंडी का सुरती, यावर वाद घालायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, पेरू, ऊस. या खेळात कोणी हरत नाही, कोणाला पळावं लागत नाही, आणि गरोदर बाई, गुडघे बदललेले अकाउंटंट आणि बावीस वर्षांचा ट्रेनी एकाच आगटीभोवती बसतात. कोणालाही कारण सांगावं लागत नाही. ज्यांना चालायचंय ते बांधाबांधानं मैलभर चालून येतात, पतंगही उडवता येतात.

थोडं पथ्य इथेही आहे. दमेकऱ्यांनी वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला बसावं, म्हणजे धूर अंगावर येत नाही. पंप खिशात हवा, बसमधल्या बॅगेत नव्हे. शहरात थंडीच्या सकाळी गार हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि धूळ-धूर त्यातच कोंडून राहतो, त्यामुळे त्यांना पहाटेपेक्षा दुपारचा हा बेत केव्हाही बरा. मधुमेह असणाऱ्यांनी हुरडा हे जेवणच समजावं, जेवणाआधीची गंमत नव्हे, आणि गूळ व उसाचा मोह शेजाऱ्याला द्यावा. अकराला पोचा, साडेचारला निघा. जानेवारीत सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि रात्रीच्या हायवेवर पेंगुळलेला ड्रायव्हर हा धोका आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या आजारांपेक्षा मोठा आहे.